टिंबळे पडतात

बर्नार्ड टिबल हे गृहस्थ आमच्या घरात पहिल्यांदा आले ते पडतच आले.

दार वाजलं. मी उघडलं. समोर साठी ओलांडलेले, उंच, किडकिडीत गोरे साहेब. पांढरा शर्ट, गळ्यात बो, डोक्यावर तीन केस, आणि तिन्ही नीट विंचरलेले. "गुड आफ्टरनून, मी तुमचा शेजारी," म्हणून त्यांनी पाऊल आत टाकलं आणि कोसळले. पण आपण पडतो तसे धप्पकन नाही. आधी दाराची चौकट धरायला गेले, ती निसटली. मग चपलांचं स्टँड, मग भिंतीवरचं कॅलेंडर, मग माझ्या शर्टाची बाही. घरातल्या प्रत्येक वस्तूला आपल्याला वाचवायची एकेक संधी देत, सगळ्यांचा निरोप घेत घेत ते जमिनीपर्यंत पोचले. माझ्या बायकोने, माधवीने, किंकाळी फोडली. मी "सर! सर!" करत वाकलो. साहेबांनी पडल्या जागेवरून एक बोट वर केलं आणि अगदी शांत आवाजात म्हणाले, "खलास!"

मग उठले, कॅलेंडर खिळ्याला परत अडकवलं, त्यावरची तारीख बघितली, आणि चहाला बसले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुबईत सतवा भागात एका जुन्या बैठ्या व्हिलाचे मालकाने मधे भिंत घालून दोन तुकडे केले होते. एकात आम्ही तिघं, म्हणजे मी, माधवी आणि आमची केतकी. दुसऱ्यात टिबल साहेब एकटे. अंगण एक, गेट एक, आणि पाण्याची टाकीही एकच, त्यामुळे ओळख व्हायला वेळ लागला नाही.

हे साहेब विलायतेत चांगलेच नावाजलेले विनोदी नट होते. आम्हाला आधी पत्ताच नव्हता. तिकडे टीव्हीवर त्यांची मालिका चालायची, आणि तिच्या प्रत्येक भागात ते जिन्यावरून पडायचे. देशभर लोक जेवणाची ताटं मांडीवर घेऊन त्यांच्या पडण्याची वाट बघत बसायचे म्हणे. मालिका संपली, पण लोक त्यांना विसरले नाहीत. मग दुबईच्या मोठ्या हॉटेलांत गोऱ्या मंडळींसाठी जेवणाबरोबर नाटकं व्हायची, त्यांतल्या एका कंपनीबरोबर ते आले. कंपनी परत गेली, हे राहिले. कारण विचारलं तर म्हणाले, "इंग्लंडमधे दमट हवा. माझं प्रत्येक हाड एकेकदा मोडलंय. पाऊस आला की सगळी एकदम बोलायला लागतात. इथे गप्प असतात."

पडणं हा त्यांचा धंदा होता, छंद होता, आणि माझ्या मते धर्मही होता. दुबईत गोरा माणूस पावलोपावली भेटतो. त्यातला कोणीतरी सुपरमार्केटात यांना ओळखायचा. "यू आर हिम! डू द स्टेअर्स!" की हे हातातली पिशवी बाजूला ठेवून तिथल्या तिथे पडून दाखवायचे. जिना नसला तर बिलाच्या काउंटरवरची सरकती पट्टी, तीही नसली तर डाळींच्या डब्यांचा ढिगारा. मी एकदा विचारलं, "साहेब, या वयात हे कशाला?" तर म्हणाले, "तो माणूस आज घरी जाऊन बायकोला सांगेल. त्यांच्या घरात आज जेवताना बोलायला विषय आहे."

या बाबतीत त्यांची मतं ठाम होती. केळ्याच्या सालीचा त्यांना मनस्वी तिटकारा. "ते पडणं नव्हे, ती भीक," म्हणायचे. संगमरवराशी त्यांचं वैर होतं आणि दुबईत जिकडेतिकडे संगमरवर, त्यामुळे नव्या इमारतीत शिरताना ते फरशीकडे असे बघायचे जसे आपण भुंकणाऱ्या कुत्र्याकडे बघतो. वाळूवर पडायचं तर नावच नको. "वाळूवर आवाज नाही. आवाज नसेल तर पडायचं कशाला? झोपूनच जावं." आमच्याकडे जेवायला आले की खुर्चीवर बसण्याआधी तिला चारी बाजूंनी टिचक्या मारून बघायचे. माधवी म्हणायची, "हे खुर्ची घेतायत की कलिंगड?"

आणि स्वतः मात्र हसायचे नाहीत. कधीच नाही. समोरचा पोट धरून लोळत असला तरी हे डॉक्टरसारखे त्याच्याकडे बघत उभे. केतकीने एकदा विचारलं, "अंकल, व्हाय डोन्ट यू लाफ?" तर म्हणाले, "माय डिअर, पोस्टमनला पत्रं येतात का?" ती त्यावर दोन दिवस विचार करत होती.

माझी नोकरी शारजाच्या औद्योगिक भागात, एसीचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमधे. एकदा बोलता बोलता मी पत्र्याचा विषय काढला आणि फसलो. साहेबांना ट्रेची आवड होती. चहाचा ट्रे हातातून पडतो तेव्हा जो आवाज होतो, त्या आवाजाची. घरात त्यांच्याकडे निरनिराळ्या ट्रेंची उतरंड होती, पण एकही मनासारखा नव्हता. "सगळे एकदा वाजतात आणि गप्प बसतात. मला असा ट्रे हवा, की लोकांना वाटलं पाहिजे झालं संपलं, आणि मग तो पुन्हा बोलला पाहिजे."

मग एका गुरुवारी मी त्यांना घेऊन वर्कशॉपला गेलो. आमची फॅब्रिकेशनची पोरं बहुतेक सातारा-कोल्हापूरकडची, आणि फोरमन पडवळ राजापूरचा. साहेब आत आले, पत्र्यांची चवड बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि पुढे काय होणार हे मला कळायच्या आत ते त्या चवडीवर कोसळले. असा गडगडाट झाला की बाजूच्या गॅरेजवाले पठाण बाहेर धावत आले. पडवळ ओरडला, "सायेब मेलो! मेलो सायेब!" चवडीवरून एक बोट वर आलं. "खलास!"

त्यानंतर अर्धा दिवस वर्कशॉप बंद असल्यासारखंच होतं. पोरं एकेक जाडीचा पत्रा कापून ट्रे ठोकून देत होती, आणि साहेब डोळे मिटून तो पाडत होते. मिरजेला एखादा बुवा तंबोरा पारखायला बसावा तशी मान कलती. "नो... नो... थोडा पातळ... नो." शेवटी एक ट्रे पडला. झण्ण झाला, थांबला, आणि सगळ्यांना वाटलं संपलं, तेव्हा कडेवर गरगर फिरून पुन्हा एकदा टण्ण म्हणाला. साहेबांनी डोळे उघडले. पडवळचा हात हातात घेऊन म्हणाले, "हबीबी, हा गातो."

पोरांनी त्यांचं नाव ठेवलं 'पडीक साहेब'. ते पुन्हा कधी येणार म्हणून मला दर आठवड्याला विचारणा व्हायची. माझ्याबद्दल इतकी आस्था त्या वर्कशॉपमधे कोणी कधी दाखवली नव्हती.

घरी वेगळंच प्रकरण. त्यांनी केतकीला पडायला शिकवलं. हनुवटी आत, खांदा पुढे, अंग सैल. तिने ते शाळेच्या व्हरांड्यात नव्या टीचरसमोर करून दाखवलं. टीचरला चक्कर आली आणि माधवीला शाळेत बोलावणं. परत येताना माधवी गाडीत जे बोलली ते सगळं ऐकून घेऊन केतकी मागच्या सीटवरून म्हणाली, "बट मम्मा, शी फेल रियली बॅडली. नो टेक्नीक."

असं आमचं सुखात चाललं होतं. त्यात माझी आई आली.

बाबा गेल्यानंतर ती गुहागरला एकटीच होती. "दुबईत मी काय करू? तिथे विहीर नाही नि अंगण नाही," असं म्हणत होती. अंगण आहे असं सांगून आणली. आईचं वय टिबल साहेबांपेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त असेल. अंगाने काटक, आवाजाने खणखणीत. इंग्रजीचा गंध नाही. शेजाऱ्यांचं नाव टिबल असं सांगितलं, ते तिला पटलं नाही. "टिंबळे असेल," म्हणाली. तेव्हापासून ते टिंबळे झाले.

दुसऱ्याच दिवशी टिंबळ्यांनी नव्या प्रेक्षकाला सलामी दिली. आई अंगणात कोथिंबीर निवडत बसली होती. साहेब गेटमधून आले, टोपी काढून अभिवादन केलं, आणि पायरीला अडखळून, कुंडीला मिठी मारत, झोकात खाली गेले. आजवर प्रत्येक माणूस पहिल्यांदा घाबरला होता आणि मग हसला होता. आईने कोथिंबीर उधळली आणि धावली. ते बोट वर करून "खलास" म्हणतायत तोवर हिने त्यांना काखेत हात घालून बसतं केलंसुद्धा. "अगो बाई! कुठे लागलं? डोळे कुठे ठेवता चालताना?" मग तिने त्यांच्या शर्टावरची माती झटकली, आणि शेवटी त्या पायरीला एक चापट मारली. "हात मेली! मधे येते!"

साहेब आयुष्यात पहिल्यांदा पुढचं वाक्य विसरले असावेत.

मी आत नेऊन तिला समजावलं, "आई, ते मुद्दाम पडतात. नट आहेत ते. हसवण्यासाठी पडतात."

"मुद्दाम कोण पडतं?"

"ते पडतात."

"बरं," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धावली. तिसऱ्या दिवशीही. हातात साखरपाण्याचा पेला. आम्ही भावंडं पाच, आणि परसात हापूस, रायवळ, फणस, सगळी झाडं चढायला सोपी. कोणी ना कोणी पडलेलंच. आईचं निम्मं आयुष्य पडलेली पोरं उचलण्यात गेलेलं. धप्प असा आवाज आला की ती उठायची, विचार वगैरे नंतर.

टिबल साहेब माझ्याकडे तक्रार घेऊन आले. "तुझी आई माझं चांगलं चांगलं काम मातीत घालते. लोक हसायच्या आत ती येऊन मला उचलते! मी पन्नास वर्षांत असा प्रेक्षक बघितला नाही."

"मी सांगितलं तिला."

"आणि?"

"ती 'बरं' म्हणाली."

मग त्यांनी आईला हसवण्याचा विडाच उचलला. पाण्याच्या नळीत पाय अडकवून पडले. दोरीवरच्या कपड्यांत गुरफटून, माझी लुंगी नेसून पडले. तो गाणारा ट्रे घेऊन पडले, तेव्हा ट्रे दोनदा वाजला आणि दुसऱ्या वाजण्याच्या आत आई पोचली होती. केतकी हसून हसून रडली. रस्त्यावरचा भंगारवाला सायकल थांबवून हसला. आई मात्र, "पुरे झालं हो टिंबळे, जरा जपून. घरात कोणी बघायला नाही तुमच्या," असं म्हणत त्यांना पेला देत होती. ते तिला इंग्रजीत समजावत, ती त्यांना मराठीत रागवत. दोघांचंही म्हणणं सविस्तर असायचं.

थोड्या दिवसांनी माधवी मला हळूच म्हणाली, "एक लक्षात आलंय का? हल्ली हे फक्त चारच्या सुमारास पडतात."

"मग?"

"चारला आई अंगणात येतात. परवा त्या माझ्याबरोबर बाजारात आल्या होत्या, तर हे पायरीवरून सरळ उतरून घरात गेले. केतकीने बघितलं."

मी लक्ष ठेवलं. खरंच होतं. आणखी एक गोष्ट मला दिसली. ते "खलास" जरा उशिरा म्हणायला लागले होते. आईने उठवून बसवलं, माती झटकली, पायरीला किंवा कुंडीला चापट मारली, की मग बोट वर व्हायचं.

मार्चमधे आमच्या महाराष्ट्र मंडळाचा गुढीपाडव्याचा कार्यक्रम ठरला. एका शाळेचा हॉल घेतलेला. आमचे सेक्रेटरी दातार यांना प्रमुख पाहुणा हवा होता आणि ऐनवेळी मिळत नव्हता. मी टिबल साहेबांचं नाव सुचवलं. दातार म्हणाले, "विलायतेचे कलावंत! शाल-श्रीफळ देऊ. पण भाषण?" मी म्हटलं, "भाषण करत नाहीत. पडतात." दातारांना ते मी विनोदाने म्हणतोय असं वाटलं.

शुक्रवारी हॉल गच्च भरला. बायका नऊवारीत, पोरं पळतायत, मागे श्रीखंडाच्या पातेल्यांवर दोन माणसं राखणीला. वर्कशॉपची पोरं कडक इस्त्रीचे शर्ट घालून बसमधून आलेली, आणि त्यांनी येऊन सगळ्यांना सांगून ठेवलेलं, बघाच, पडीक साहेब काय करतात ते. आई बायकांच्या रांगेत, मधोमध.

साहेबांना शाल घातली. दातारांनी हातात नारळ दिला. साहेबांनी तो कानाशी नेऊन हलवून बघितला, त्याला आपल्या गळ्यातला बो दाखवला, हॉल खदखदायला लागला. मग ते मान लववत मागे सरकले. एक पाऊल, आणखी एक. स्टेजच्या कडेला शोभेचा पडदा लावला होता आणि त्याच्यामागे काहीच नव्हतं. त्यांची टाच त्या काहीच नसण्यावर पडली.

हात वर, शाल उडालेली, नारळ सुटलेला, आणि साहेब दिसेनासे. मग खालून दणका. नारळ टप्पे घेत पहिल्या रांगेपर्यंत आला.

असा हशा मी त्या हॉलमधे कधी ऐकला नव्हता. पोरं शिट्ट्या मारत होती. दातारसुद्धा माइकवरून हसत होते. "वन्स मोअर!" कोणीतरी ओरडलं. मी पडवळला टाळी दिली.

बायकांची रांग मात्र मधोमध फाटली. आई निघाली होती. कोणाच्या गुडघ्यावर, कोणाच्या पर्सवर पाय देत, "सरा गो, सरा" करत. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. ती स्टेजच्या बाजूला पोचली, वाकली, आणि मग तिचा तो खणखणीत आवाज आला. "अरे हसताय काय! गाडी आणा!"

तिने काही ओळखलं वगैरे नव्हतं. ती रोज धावायची तशी आजही धावली होती, इतकंच.

मनगट मोडलं होतं आणि खांद्याचं हाडही. आधी एकदा मोडलेलं, त्याच जागी. दवाखान्यातली मल्याळी नर्स विचारू लागली, "इनका रिलेटिव्ह कौन?" आम्ही एकमेकांकडे बघतोय तोवर आई म्हणाली, "हम हैं."

"आप कौन?"

"शेजारी."

"शेजारी क्या होता?"

"बाजूवाला," आई म्हणाली, आणि स्टूल ओढून बसलीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसमधून निघून मी गेलो. साहेब उशांना टेकून बसले होते. प्लास्टर घातलेला हात निशाणासारखा पुढे आलेला. आई त्यांच्या पायाशी संत्रं सोलत होती. मला बघताच साहेबांना हुरूप आला. त्यांना बोलायला माणूस हवा होता.

"तुझ्या आईला सांग," म्हणाले, "की मी पहिल्यांदा पडलो तेव्हा सहा वर्षांचा होतो."

आणि त्यांनी आपल्या सुरुवातीची गोष्ट सांगायला घेतली. समुद्राकाठच्या गावांतून त्यांच्या घरच्यांचा खेळ चालायचा. वडील स्टेजवर भिंतीला कागद चिकटवणाऱ्या कारागिराचं काम करायचे आणि हा त्यांचा व्रात्य पोरगा. शिडीवर चढायचा, मग वडील शिडी हलवायचे आणि हा खाली यायचा. रोज. सुट्टीच्या दिवशी दोनदा. खळीच्या बादलीत कसा पडायचो, एकदा बादली डोक्यात कशी अडकली, ते साहेबांनी एका हाताने असं काही करून दाखवलं, की पलीकडच्या खाटेवरचा पेशंटही हसला. मी हसत हसत आईला मराठीत सांगत होतो.

"आणि खाली, स्टेजच्या पुढे, माझी आई पियानो वाजवायची," साहेब म्हणाले. "मी नेहमी तिच्या बाजूलाच पडायचो. पण तिने बघायचं नाही! वडिलांचा नियम. आईने वळून बघितलं की लोकांना वाटतं पोराला लागलं, आणि हसू जातं. म्हणून मी धाडकन पडायचो आणि ती पुढे बघून वाजवत राहायची. काय सांगू तुला, इतक्या वर्षांत एक सूर चुकला नाही तिचा. नॉट वन नोट!"

हे त्यांनी टाळी घ्यावी तसं सांगितलं. मी आईला सांगितलं.

आईच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. इतके महिने ती त्यांना "अहो टिंबळे" म्हणत होती. आता ती पुढे झुकली आणि म्हणाली, "लागायचं का रे?"

मी इंग्रजी केलं. "शी इज आस्किंग, डिड इट हर्ट?" एवढंच झालं. त्या 'रे'ला माझ्याकडे इंग्रजी नव्हतं.

साहेबांनी तोंड उघडलं. भुवया वर गेल्या, चेहरा विनोदासाठी तयार झाला. आम्ही थांबलो. काही आलं नाही. भुवया हळूहळू खाली आल्या आणि नुसता म्हातारा चेहरा राहिला.

"नीज," ते म्हणाले. "मोस्टली द नीज."

"गुडघ्यांना म्हणतात," मी आईला म्हटलं.

तिने संत्रं ताटलीत ठेवलं, पदराला हात पुसले. मोडला होता तो हात, त्याच्याकडे तिने बघितलंही नाही. चादरीवरून दोन्ही गुडघे चाचपले आणि सावकाश चोळायला लागली, आधी एक, मग दुसरा. साहेब खिडकीकडे तोंड करून पडून राहिले. त्यांचा खांदा हलत होता, प्लास्टरसकट.

मी उभाच होतो. आई मागे न बघता म्हणाली, "केतकीची बस यायची वेळ झाली. तू जा. मी आहे इथे."